तात्यांनी मोडलेली नोकरी

माझी पहिली नोकरी तात्यांनी मोडली. नोकरी सुटते, जाते, बऱ्याचदा मिळतच नाही, हे मला ठाऊक होतं. पण नोकरी मोडतात, आणि तीही सोयरीक मोडावी तशी, रीतसर चौकशी करून, हे मी त्यांच्याकडेच पाहिलं. त्या दिवशी मला त्यांचा इतका राग आला होता की स्कूटरवर मागे बसूनसुद्धा मी त्यांच्याशी बोलत नव्हते.

तात्या आमचे घरमालक. टी. व्ही. सेंटरच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. खाली ते आणि काकू, वर गच्चीला लागून दोन खोल्या, त्यातल्या एकीत मी आणि प्रज्ञा. प्रज्ञा कॉम्प्युटर शिकलेली, मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि दोघी बेकार. हा शब्द तात्यांना अजिबात चालायचा नाही. "बेकार कामून म्हणता? उपवर म्हणा. लग्न जमलं नाय म्हणून पोरगी बेकार होती का?"

त्यांचा धंदाच तो होता. उभं आयुष्य त्यांनी लोकांच्या सोयरिकी जुळवण्यात घालवलं. वैजापूरपासून सिल्लोडपर्यंत कुठल्या गावात कुणाची मुलगी शिकतेय, कुणाचा मुलगा शहरात काय करतो आणि गावी आल्यावर काय पितो, हे सगळं त्यांना तोंडपाठ. पुढे लोक मोबाईलवर स्थळं बघायला लागले आणि तात्यांचा धंदा बसला. तात्या मात्र बसायला तयार नव्हते. चौकशी केल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागायचं नाही, आणि वरच्या दोन खोल्यांत तर आम्ही सगळे नोकरी शोधणारेच. ते आमच्याकडे वळले ते असे.

त्यांच्या लेखी कंपनी म्हणजे स्थळ. तिथली माणसं म्हणजे मुलाकडची मंडळी. मुलाखत म्हणजे बघण्याचा कार्यक्रम. जिन्यावर भेटले की विचारायचे, "मग? सुपारी कधी फुटायली?" पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, म्हातारबुवांचं डोकं फिरलंय. काकूंना तसं सांगितलंही. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "फिरलेलं नाय गं. सगळ्या जगाची चौकशी करतेत. माझ्या येळेला मात्र कुणीच केली नाय, म्हणून मी हितं हाय." तात्या ओट्यावर बसून ऐकत होते आणि खुशीत हसत होते.

तात्यांची एक म्हशींची गोष्ट होती. ती प्रत्येक नव्या भाडेकरूला ऐकावीच लागायची. कुठल्याशा गावात ते मुलीच्या बापाला घेऊन स्थळ बघायला गेले. घर झकास, अंगणात ट्रॅक्टर, गोठ्यात चार धष्टपुष्ट म्हशी. पोहे झाले, चहा झाला, मुलीचा बाप खूश होऊन उठायला लागला. तात्यांनी त्याचं धोतर ओढून त्याला खाली बसवलं. म्हणाले, ऊन उतरू द्या. मुलाकडचे चुळबुळायला लागले. बस जाईल म्हणाले, पाऊस येईल म्हणाले. तात्या ढिम्म. दिवस कलला, धारेची वेळ झाली, आणि चारही म्हशी दावी ओढत हंबरायला लागल्या. गडी कुणी नाही, मुलगा जवळ जायला घाबरतो. शेवटी शेजारची बाई बादली घेऊन आली आणि भर अंगणात ओरडली, "आमची जनावरं झाली का तुमची दाखवून?"

"तवापासून सांगतो," तात्या म्हणायचे, "चहा झाल्याबरोबर उठायचं नाय. उधारीच्या म्हशी संध्याकाळपर्यंत टिकत नसतेत."

ही गोष्ट खरी होती का, देव जाणे. काकूंच्या मते म्हशी दोन होत्या आणि बाई नव्हे, बाप्या ओरडला होता. पण तात्यांचं सगळं शास्त्र त्या गोठ्यातून निघालं होतं. समोरचा घाई करतोय म्हणजे काहीतरी झाकायचंय. घरच्यांना काही विचारायचं नाही, कारण घरचे चांगलंच सांगणार. विचारायचं ते न्हाव्याला, किराणावाल्याला, पिठाच्या गिरणीवाल्याला. आणि सगळ्यांत मोठा नियम हुंड्याचा. प्रज्ञाला एकदा कुठून तरी मेसेज आला होता की घरबसल्या काम आहे, फक्त नोंदणीचे पैसे भरा. तात्यांनी तो मोबाईल हातात घेऊन लांब धरून वाचला आणि तिला परत दिला. "पोरगी पण आपली, अन् पैसे पण आपणच द्यायचे? हा हुंडा हाय. हुंडा मागणाऱ्या घरात पोरगी देत नसतेत."

"तुम्ही काय हुंड्याची लग्नं कधी जमवलीच नाहीत?" प्रज्ञा फटकळ होती, तिने लगेच विचारलं.

तात्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "जमवलीत की. मी काय धुतल्या तांदळाचा नाय. म्हणून तर ओळखतो."

त्यांचं हे शास्त्र सगळीकडे चालायचं असंही नाही. आमच्या आधी शेजारच्या खोलीत पैठणकडचा एक मुलगा होता. त्याला हैदराबादच्या कंपनीतून फोन आला, दोन दिवसांत कळवा म्हणाले. तात्यांनी त्याला सांगितलं, लगेच हो म्हणायचं नाही, आपली किंमत कमी होते. ‘घरी विचारून कळवतो’ म्हणायचं. सोयरिकीत तसंच म्हणतात. मुलगा बिचारा आठ दिवस थांबला आणि मग फोन केला. कंपनी खरी होती. तिने तोवर दुसरा माणूस घेतला होता. तो मुलगा खोली सोडून गेला. तेव्हापासून तात्या कुणालाही ‘नको’ म्हणायचे नाहीत, ‘थांब’सुद्धा जपून म्हणायचे. म्हणायचे, "चल, बघून येऊ," आणि स्कूटर काढायचे. त्यांची स्कूटर आधी एका अंगावर तिरकी करावी लागायची, मग ती सुरू व्हायची.

प्रज्ञाची गोष्ट बरीच नंतरची, पण आत्ताच सांगून टाकते. तिची पुण्याच्या कंपनीची मुलाखत मोबाईलवरून होती. समोर बसलेल्या बाई आपल्या घरूनच बोलत होत्या. प्रज्ञाचं छान चाललं होतं. तेवढ्यात तात्या जिना चढून वर आले, दाराशी चपला काढल्या आणि सरळ तिच्या खांद्यावरून मोबाईलमध्ये डोकावले. "नमस्कार ताई. मी मुलीकडचा. जरा घर दाखवता का?" प्रज्ञाने कपाळावर हात मारला. पण त्या बाई बहुधा दिवसभर त्याच त्याच प्रश्नांना कंटाळल्या असाव्यात. त्यांनी हसत हसत कॅमेरा फिरवला. वाळत घातलेले कपडे दिसले, गॅसवरचा कुकर दिसला, भिंतीवर लहान मुलाने ओढलेल्या रेघोट्या दिसल्या. कुकरची शिट्टी झाली. तात्यांनी मान डोलवली. "बरंय. माणसं राहत्यात या घरात," म्हणाले आणि खाली निघून गेले. प्रज्ञाला ती नोकरी लागली. ऑफिसात पहिल्या दिवशी त्या बाईंनी तिला विचारलं म्हणे, तात्यांना आमचं घर पसंत पडलं ना?

आता माझं. माझ्या घरची परिस्थिती वाईट नव्हती, आणि वडील काही दुष्ट नव्हते. कन्नडच्या पुढे आमचं गाव, मक्याचं आणि थोडं आल्याचं शेत. वडिलांनी मला स्वतःहून शहरात ठेवलं होतं. पण आत्याने तिच्या दिराचा मुलगा सुचवून ठेवला होता आणि ती दर आठवड्याला फोन करून त्यांचं डोकं खायची. शेवटी वडील म्हणाले, "मका घरात येईपर्यंत बघ. तोवर नोकरी लागली तर मी ताईला तोंड देतो. नाही लागली तर माझ्याजवळ बोलायला काही राहत नाही." मका काढणीला आला होता. रोज सकाळी उठलं की मी उरलेले दिवस मोजायचे. मला परत जायचं नव्हतं. मुलगा वाईट होता म्हणून नाही, त्याला मी धड पाहिलंही नव्हतं. मला कुठल्या तरी प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून उभं राहायचं होतं, बाकी सगळं त्यानंतर.

आणि नेमकं त्याच आठवड्यात पत्र आलं. वाळूजच्या औषधांच्या गोळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात ट्रेनी केमिस्ट. मुलाखत फोनवर झाली होती, चहा गाळता गाळता संपली इतकी छोटी. पत्रावर गोल शिक्का, दोन सह्या, पगार मी मनात धरला होता त्याच्या दुप्पट. मी आनंदाने वडिलांना फोन केला. ते त्या वेळी कन्नडच्या बाजारात होते. त्यांनी तिथेच पेढे घेतले आणि काळीपिवळी जीपमधून घरी येईपर्यंत निम्मे वाटून टाकले. उरलेले गावात वाटले. आत्याला फोन करून सांगितलं ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कंपनीतल्या ‘सरां’चा फोन आला. गणवेश, ओळखपत्र आणि बसचा पास यांचे पैसे आज संध्याकाळी सहाच्या आत भरायचे, नाहीतर जागा दुसऱ्याला. पहिल्या पगारात परत मिळतील. मी वडिलांना सांगितलं, ते म्हणाले, दुपारपर्यंत टाकतो. प्रज्ञाने पत्र पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. एवढी मोठी कंपनी, आणि मेलचा पत्ता कुणीही फुकटात काढावा तसला. मी म्हटलं, तुझा जळफळाट होतोय. असं मी तिला म्हटलं खरं. ती तडक खाली गेली आणि तात्यांना घेऊन आली.

तात्यांनी पत्र उलटंसुलटं करून पाहिलं. "तुला बघितलं का त्यांनी?"

"फोनवर बोलले."

"बघितलं नाय, अन् एवढा पगार?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्यातच काही खोट आहे असं वाटायला लागलं. "पोरगी न बघता सुपारी फोडायले म्हणजे त्यांना पोरगी नको. चल."

"तात्या, सहाच्या आत पैसे भरायचेत."

"म्हणून तर आत्ता चल म्हणलो."

मी गेले ती त्यांना खोटं पाडायला. वाळूजला पोहोचेपर्यंत ऊन चांगलंच चढलं होतं. पत्रावरचा पत्ता सापडला, कारखानाही सापडला. मोठा, नीटनेटका, वर तेच नाव. मला असा काही आनंद झाला की मी तात्यांकडे वळून म्हणाले, "बघा!" तात्या नाव बघत नव्हते. ते बंद फाटकाकडे बघत होते. फाटकाच्या गजावर वॉचमनने आपला गणवेशाचा शर्ट धुऊन वाळत घातला होता, आणि स्वतः तो बनियनवर बसला होता.

तात्या थेट त्याच्याकडे गेले नाहीत. ते आधी समोरच्या चहाच्या टपरीवर गेले. टपरीवाले चाचा रिकाम्या बाकड्यावर बसून पेपरने वारा घेत होते.

"चाचा, ये कंपनी कैसी है?"

"अच्छी है. पगार टाइम पे देते. लोगां भी अच्छे हैं." चाचांनी दोन चहा पुढे केले. "आज छुट्टी है ना इनकी. देखो, मेरा भी धंदा ठंडा."

त्या भागातल्या कारखान्यांना रविवारी नाही, आठवड्याच्या मधल्या वारी सुट्टी असते, प्रत्येक पट्ट्याचा वार वेगळा. हे मला ठाऊक नव्हतं. फोनवरच्या सरांनाही नसावं. पण तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच आलं की आपण सुट्टीच्या दिवशी आलो, चुकलं आपलं.

तात्या मग वॉचमनकडे गेले. त्यांच्या सवयीप्रमाणे त्यांनी सुरुवात केली, "रामराम. ही आमची मुलगी. इथं द्यावं म्हणतोय."

वॉचमनने माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या बनियनकडे, आणि ओशाळून म्हणाला, "माझं लग्न झालंय, काका."

मी तिथल्या तिथे जमिनीत जायला तयार होते. तात्यांनी मात्र न हसता त्याला पत्र दाखवलं. त्याने ते हातात न घेताच ओळखलं. "व्हय, असला कागद घेऊन मागं पण पोरं आली होती. आमच्याकडं भरती असली की हितं फाटकावर बोर्ड लागतो. मुलाखत आत घेत्यात, समोर बसून. पैसे कुणी घेत नाय. साहेबांनी पोलिसांत कळवलंय."

त्याच वेळी माझा मोबाईल वाजला. सरांचाच फोन. मी तो तात्यांपुढे धरला. तात्यांनी मोबाईल घेतला आणि मोठ्या आवाजावर लावला.

"मॅडम, पेमेंट झालं का?"

"मी मुलीकडचा बोलतोय. तात्या. तुम्ही आता कुठं बसलाय साहेब?"

"कंपनीतच सर. वाळूज प्लांट. माझ्या केबिनमध्ये."

"आज काम चालू हाय?"

"फुल प्रॉडक्शन, सर. मशीनचा आवाज येतोय ना?"

आवाज खरंच येत होता. घरघर, खडखड, सगळं व्यवस्थित. समोर फाटकाला कुलूप होतं आणि वॉचमनचा शर्ट वाऱ्यावर हलत होता.

"मग जरा फाटकावर या की. आम्ही हितंच उभं हावोत. शर्ट वाळायलाय ना, त्याच्याशेजारी."

पलीकडे मशीन एकदम बंद झाली. "सर, अपॉइंटमेंटशिवाय भेटता येत नाही."

"बरं, तुम्ही नका येऊ. शिपायाजवळ तांब्याभर पाणी तरी धाडा. पाहुणे उन्हात उभे हायेत."

फोन कट झाला. तात्यांनी परत लावला तर लागेना. वॉचमन इतका हसला की त्याला ठसका लागला. नंतर घरी गेल्यावर प्रज्ञाने तो नंबर आणि ते पत्र घेऊन सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवली. ती बसून अर्ज भरत होती तेव्हा मी तिची माफी मागितली, आणि तिने मला ती माफी घाल चुलीत म्हणून सांगितलं.

पण ते नंतर. त्या वेळी टपरीवर परत आलो आणि मला रडू कोसळलं. चांगलं हुंदके देऊन. तात्यांना सोयरिकी जुळवता यायच्या, रडणं थांबवता यायचं नाही. त्यांनी चाचांकडून खारी घेतली आणि माझ्या हातात कोंबली. रडू नोकरीसाठी नव्हतं. काळीपिवळीत पेढे वाटणारे वडील मला सारखे दिसत होते.

"बाबांना काय सांगू?" मी म्हटलं. "निम्मा मका काढून झालाय. आता ते मला न्यायलाच येतील."

"तू कशाला सांगायली? सोयरीक मोडल्यावर पोरीनं बोलायचं नसतं. मग मध्यस्थ कशाला असतो?"

त्यांनी माझ्याच मोबाईलवरून वडिलांना फोन लावला. वडील शेतात होते, मागे मळणी यंत्र चालू होतं. तात्यांनी आधी मका कसा उतरला ते विचारलं, मग आल्याचं विचारलं, मग गावाकडच्या माझ्या काकांच्या गुडघ्याचं. माझा जीव टांगणीला. वडील मात्र शांतपणे एकेक सांगत होते, कारण असा फोन कसा सुरू होतो आणि कुठे जातो, हे त्यांनाही कळत असावं.

"तर पाव्हणं," तात्या शेवटी म्हणाले, "ते वाळूजचं स्थळ आपण मोडलं."

"मोडलं?"

"आपण मोडलं. त्यांनी नाय. पोरीला न बघता हो म्हणले, वर हुंडा मागायले. आज हितं येऊन बघितलं, तर दाखवलेलं घरच त्यांचं नाय."

यंत्राचा आवाज तेवढा येत राहिला. मग कुणाला तरी ओरडून वडिलांनी ते बंद करायला लावलं.

"पैसे गेले?"

"एक रुपया नाय."

"पोरीत काही खोट?"

"पोरीत कसली खोट? बघितलीच कुठं त्यांनी?"

"मी पेढे वाटलेत हो सगळ्या गावात."

"मोडलेल्या सोयरिकीचे पेढे मी जन्मभर खाल्लेत," तात्या म्हणाले. "पचत्यात."

पलीकडून वडील हसले. मला ते अपेक्षित नव्हतं. ते म्हणाले, "मग दुसरी कंपनी बघा. एक स्थळ मोडलं म्हणून पोरगी कुणी घरात बसवत नसतं. ताईला मी सांगतो."

फोन बंद झाला तेव्हा माझ्या हातातल्या खारीचा चुरा झाला होता. मी रडत होते आणि हसतही होते, आणि चाचा आमच्याकडे काळजीने बघत होते. आत्या ज्या भाषेत माझं लग्न ठरवायला निघाली होती, त्याच भाषेत माझ्या वडिलांनी मला आणखी थोडे दिवस दिले होते. तात्यांनी तिसरा चहा बशीत ओतला, फुंकर घालून प्यायला आणि विचारलं, "दुसरं कुठलं स्थळ हाय तुझ्याकडं?"

"चिकलठाण्याला एक छोटी लॅब आहे. पाणी तपासतात. मुलाखतीला या म्हणालेत, बाकी काहीच कबूल केलेलं नाही."

"कबूल केलं नाय, हे चांगलंय." ते चाचांकडे वळले. "चाचा, चिकलठाणे में पानी का लॅब है बोलते. लोगां कैसे हैं?"

"मेरेकू क्या मालूम, मामू? मैं वाळूज का."

तात्यांनी टोपी नीट केली आणि स्कूटर एका अंगावर तिरकी केली. "बस," ते मला म्हणाले, "ज्याला मालूम हाय त्याला विचारू."